सुंभ जळला, पीळ उरला

‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण आपण हट्टी माणसांसाठी राखून ठेवली आहे. मिशिगन विद्यापीठातील निकोलस कोटोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०२४ च्या अखेरीस ती प्रकाशाला लागू करून दाखवली. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा धागा पिळून त्यांनी तो विजेने तापवला. पीळ उजवा की डावा, त्यानुसार बाहेर पडणाऱ्या लहरीही मळसूत्रासारख्या फिरत निघाल्या. (पीळ मात्र लहरीच्या लांबीच्या मापाचा, फार बारीक हवा.) आधीच्या साधनांहून हा प्रकाश कितीतरी तेजस्वी; पण त्यात उलट फिरणाऱ्या लहरींची भेसळ असतेच.

गंमत म्हणजे युक्ती एडिसनच्या १८७९ च्या दिव्याची! त्यानेही जाळून कोळसा केलेला सुताचा दोराच तापवला होता. उजेडापेक्षा उष्णताच जास्त देणारा तो दिवा पुढे बुडीत खात्यात गेला. घरातल्या उजेडापुरते ते योग्यच झाले.

मी उभी हयात बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. ‘परतफेड कधी?’ हा प्रश्न तिथे रास्तच. संशोधनाला पैसा देतानाही तोच विचारतात, तेव्हा मात्र माझे डोके फिरते. लुई पाश्चरने १८४८ मध्ये एका क्षाराचे उजवे-डावे स्फटिक चिमट्याने वेचून वेगळे केले. त्याला कोणती तारीख लिहिता आली असती? आज रेणू उजवा की डावा, हे पाहिल्याशिवाय औषध बनवणाऱ्यांचे चालत नाही.

या धाग्याचा उपयोग यंत्रांच्या दृष्टीला होईल, असे म्हणतात. होवो न होवो, अर्जावर माझा शेरा ‘मंजूर’.