मुरणारा माल आणि त्याची पारख

तांबड्या वाइनचा विषय ऊसकऱ्यांच्या मासिकात कशास, असे कोणी म्हणेल. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. परंतु साठवण्याजोगा माल कसा ओळखावा, याचे शास्त्र त्या धंद्याने जितके नेमके बसविले आहे, तितके आपण गुळाच्या धंद्यात बसविलेले नाही; आणि त्याची किंमत दर पावसाळ्यात आपणच मोजतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नाशिक जिल्ह्यात व नारायणगावाकडे वाइनचे कारखाने निघाल्यापासून हा धंदा महाराष्ट्रास परका राहिलेला नाही. तांबड्या वाइनचा रस द्राक्षांच्या सालींसह आंबवितात. साल व बी यांतून उतरणारा तुरटपणा आणि फळाची आम्लता ही तिच्या टिकाऊपणाची मुख्य साधने होत. म्हणून पारखी रंग पाहतो, वास घेतो, घोट तोंडात घोळवून थुंकतो आणि चव किती वेळ रेंगाळते हे ध्यानात घेतो. कोवळ्या वाइनचा तुरटपणा जिभेस बोचला, तरी तेवढ्यावरून तो तिला नाकारीत नाही. फळाचा स्वाद, आम्लता व तुरटपणा यांचा तोल असेल, तर हाच तुरटपणा पुढे मऊ होईल, हे तो जाणतो. असा तोल थोड्याच वाइनमध्ये असतो. बाकीच्या लवकर संपवाव्या हेच बरे.

१९७६ साली पॅरिस येथे फ्रेंच पारख्यांनी नावे झाकलेल्या वाइनची परीक्षा केली, तेव्हा तांबड्यांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या वाइनला मिळाला. नाव झाकले की जीभ खरे बोलते, हा त्यातील बोध.

आता आपला सौदा पाहा. रवा पिवळाधमक दिसला की बोली चढते. डोळ्यांस भुलणाऱ्या या बाजारासाठीच काहिलीत हायड्रॉसची भुकटी पडते. तिने आणलेला उजळपणा साठवणीत टिकत नाही, आणि गंधकाचा अंश मात्र मालात राहतो. उलट, भेंडीच्या चिकाने मळी काढलेला, किंचित तांबूस पण निर्मळ गूळ मागे पडतो. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, चवीचे रक्षण गुऱ्हाळावरच व्हावयाचे.

जीभ काय सांगते, ते ऐकावयास शिकले पाहिजे. गूळ खारट लागला, तर दोष बहुधा चोपण जमिनीचा किंवा खाऱ्या पाण्याचा. मऊ व चिकट लागला, तर ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला असेल, अथवा त्यास उशिरा व अति नत्र दिला असेल. शिळ्या उसातील साखर मोडते आणि ती मोडलेली साखर हवेतील ओल ओढून घेते. म्हणूनच असा गूळ आषाढात पाझरतो. कडवट लागला, तर पाक करपला. टिकाऊ गूळ मात्र कठीण, रवाळ व कोरडा असतो आणि त्याची गोडी स्वच्छ असते. अन्नविषयक कायद्यानेही ढेपेच्या गुळात ओलावा शेकडा १० हून अधिक नसावा, असे ठरविले आहे. आयुर्वेदाने तर नव्यापेक्षा वर्षाच्या जुन्या गुळासच पथ्यकर मानिले आहे. मुरण्याची महती आपल्या पूर्वजांस ठाऊक होती, हे यावरून उघड दिसते.

म्हणून आमची सूचना अशी. इचलकरंजीच्या वेशीस लागून असलेल्या आमच्या कबनूरसारख्या गावांतील गूळउत्पादकांनी फाल्गुनात एकत्र जमावे. प्रत्येकाने एक रवा आणावा. त्यावर नाव न घालता केवळ आकडा घालावा, आणि चाखणाऱ्यांचे डोळे बांधावे. निम्मा माल तेव्हाच चाखून गुण मांडावे. उरलेला कोरड्या खोलीत ठेवून दसऱ्यास पुन्हा चाखावा. दोन्ही वेळचे गुण, उसाची जात, जमीन व तोडणीपासून गाळपापर्यंतचा काळ हे एका वहीत लिहावे. अशी वही चार वर्षे चालली, तर कोणत्या शेताचा गूळ विकून टाकावा व कोणता राखावा, हे शेतकऱ्यास अडत्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही.

हंगामात सर्वांचाच माल एकदम बाजारात येतो व भाव पडतो. ज्याचा गूळ पावसाळा काढतो, त्यासच थांबण्याची सोय असते. रंगावर मिळालेला चढा भाव एका दिवसाचा. टिकाऊपणावर मिळालेला विश्वास मात्र पिढीजात राहतो.