कडी काढली तर?

पाव फुगवणारं यीस्ट सगळ्यांच्या ओळखीचं. पण त्याच्या पेशीतल्या कड्या माहितीयेत? यीस्टच्या साध्या पेशीत 16 गुणसूत्रं, म्हणजे क्रोमोझोम्स, असतात आणि प्रत्येकाला डब्याला असते तशी एक कडी. सायन्सवाले तिला सेन्ट्रोमिअर म्हणतात. लांबी जेमतेम सव्वाशे अक्षरं. अख्खा जीनोम मात्र सुमारे 1 कोटी 20 लाख अक्षरांचा!

पण काम मोठं. एका पेशीच्या दोन होताना बारीक दोर याच कडीला अडकतात आणि गुणसूत्राची एकेक प्रत दोन्हीकडे खेचून नेतात. कडी गेली, की वाटणीचा भरवसा संपला. ज्या पेशीला ते गुणसूत्र मिळत नाही, तिचा खेळ खल्लास.

आणि तरीही शांघायच्या छिन झोंगजुन यांच्या टीमने 16 पैकी 15 कड्या कापल्या! 2018 मध्ये 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं. आयडिया भन्नाट होती: गुणसूत्रं एकमेकांना जोडत जायची आणि प्रत्येक जोडणीला एक कडी उडवायची. कारण एका गुणसूत्राला दोन कड्या राहिल्या तर रस्सीखेच होऊन ते तुटतं. असं करत 16 चं एकच लांबलचक गुणसूत्र झालं. त्याच वर्षी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या टीमने 2 पर्यंत मजल मारली.

यीस्ट मेलं का? अजिबात नाही. जीन्सचं कामकाजही जवळपास पूर्वीसारखंच. म्हणजे सगळं ओके? थांबा! शांघायचं यीस्ट थोडं हळू वाढत होतं, त्याचे बीजाणू कमी तयार होत होते, आणि नेहमीच्या यीस्टसोबत एकाच फ्लास्कमध्ये ठेवलं की मागे पडत होतं.

'थोडं हळू' म्हणजे किती महागात पडतं? चक्रवाढ व्याज आठवा. समजा, दोन यीस्ट निम्मे-निम्मे मिसळले आणि त्यातलं एक दर पिढीला फक्त 1 टक्क्याने मागे पडतंय. 100 पिढ्यांनंतर फ्लास्कमध्ये त्याचा वाटा 50 वरून 27 टक्क्यांवर येतो. चांगलं खाणं मिळालं तर यीस्टची पिढी साधारण दीड तासाची. म्हणजे हा सगळा निकाल आठवड्याभरात! एकट्याने वाढताना ही पिछाडी डोळ्यांना दिसतही नाही.

तेव्हा 'इतकं सगळं काढून टाकलं, काही बिघडलं नाही' असं कुणी ऐटीत म्हणालंच, तर एवढंच विचारा: फ्लास्कमध्ये सोबत कोण होतं?