पाचोळा म्हणजे कचरा नव्हे

पहिल्या पावसाच्या सुमारास पहाटे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलात, तर झाडीतून दोन सुरांची खणखणीत शीळ ऐकू येते. शीळ घालणारा मात्र क्वचितच दिसतो. हा नवरंग पक्षी. मैनेहून लहान, आखूड शेपटीचा. पाठ हिरवी, पंखांवर निळा पट्टा, पोट पिवळसर आणि शेपटीखाली लाल रंग. एवढा रंगीत पक्षी दिसत नाही, कारण तो बहुधा दाट सावलीत जमिनीवर वावरतो.

हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत काढून तो पावसाच्या तोंडावर विणीसाठी इकडे येतो. वाळका पाला चोचीने उलटून तो त्याखालचे किडे, गांडुळे आणि गोगलगायी टिपतो. काटक्या, मुळ्या व पाने रचून तो गोल घरटे करतो. म्हणजे पाचोळा हेच त्याचे ताट आणि घराचे सामानही तेच.

बोरिवलीचे रान पानझडीचे. उन्हाळ्यात तेथे पानांचा थर साठतो आणि त्याच दिवसांत वणवे लागतात. बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात. कुणी जळती विडी फेकतो, कुणी कडेचा कचरा पेटवतो. पुढे पाऊस पडला, की मोठी झाडे पुन्हा हिरवी होतात आणि आपण म्हणतो, 'फारसे नुकसान झाले नाही.' माझ्या मते हा हिशेब चुकीचा आहे. नवरंग येण्याच्या थोडेच दिवस आधी त्याचे अन्न जळून गेलेले असते, ते या हिशेबात येतच नाही.

कोणी म्हणेल, पाचोळा झाडून टाकला तर आग लागणारच नाही. त्यासाठी ठराविक पट्टे साफ करून जाळरेषा आखतात, ते योग्यच आहे. पण सबंध रान झाडून काढले, तर किडे कोठे राहतील? शिवाय हाच थर पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवतो आणि मातीची धूप थांबवतो. विहार आणि तुळशी हे मुंबईला पाणी देणारे तलाव याच डोंगरांत आहेत, हे विसरू नये.

नवरंग जगातून नाहीसा होण्याच्या बेतात नाही, हे खरे. पण तो बोरिवलीत येत राहील की नाही, हे येथील जमिनीवर अवलंबून आहे.

शाळेच्या आवारातील एका झाडाखालचा पाला महिनाभर तसाच ठेवा. मग एक फूट लांब, एक फूट रुंद जागेतील जीव मोजा आणि शेजारच्या झाडलेल्या जागेतीलही मोजा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा; पाचोळा कचरा आहे की नाही, ते तुमचे तुम्हीच ठरवाल.