तेल ओल्या अंगाला लावा

थंडी पडली की वस्तीत टाचा फुटतात, कातडी उलते. धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणींच्या हातांचे हाल तर विचारू नका. मग पगारातून महागडी क्रीम येते. माझ्या मते साधे खोबरेल पुरे. चुकते ती लावायची वेळ. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून अंघोळीनंतर अंग नुसते टिपा आणि ओलसर असतानाच तेल चोळा. भांडी आटोपली की हातांनाही दोन थेंब. कोरड्या अंगाला रात्री चोपडलेले निम्मे गोधडीच पिते! मात्र गोल, खाजरा चट्टा नायट्याचा असू शकतो. त्यावर तेल नको, मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली ट्यूबही नको, दवाखान्यात दाखवा. साखरेचा आजार असणाऱ्यांनी टाचेची भेगसुद्धा अंगावर काढू नये.