भरवशाची म्हैस

मोटार घेण्यापूर्वी शहाणी माणसे मोटारीच्या जाणकाराला विचारतात. आमच्या सासुरवाडीची मंडळी मला विचारतात. मी कॉलेजात मराठी शिकवतो. एखाद्या ओवीशी अडलेल्या विद्यार्थ्याला हात द्यावा, एवढेच काय ते माझे दुरुस्तीचे ज्ञान. परंतु ‘दाजी एम. ए. आहेत’ हा आमच्या सासुरवाडीत सर्व शास्त्रांचा दाखला समजला जातो. विहिरीला पाणी कोठे लागेल, मुलीला कोणत्या शाखेत घालावे, डॉक्टरने सांगितलेली शस्त्रक्रिया करावी की नाही, असले प्रश्न मला नवे नाहीत. 2024 च्या उन्हाळ्यात त्यांत आणखी एक प्रश्न येऊन बसला, आणि तो जवळजवळ एक कोटी रुपयांचा होता.

मेव्हणा कोपरगाव तालुक्यातला बागाईतदार. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग त्याच्या शिवारातून गेला, आणि जाता जाता सहा एकर जमीन घेऊन गेला. मोबदला चांगला मिळाला. त्या कागदांवर माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, अंगठ्याएवढा थरथरता दस्तक आहे आणि आमच्या सौभाग्यवतींचीही सही आहे. बहिणीच्या सहीवाचून असे पैसे सुटत नाहीत. त्यातून थोडी जमीन दुसरीकडे घेतली, घर बांधले, उरलेली रक्कम पाच-सहा वर्षे बँकेत पडून राहिली. बँकेत पडलेला पैसा शेतकऱ्याला मळणी होऊन खळ्यावर राहिलेल्या धान्यासारखा वाटतो. रात्री झोप लागत नाही. सौ.ने भावाला एकदाच सांगितले, “दादा, त्या पैशाला चाके लावू नकोस.” दादाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला.

त्याला हवी होती परदेशी घराण्यातली, उंच, आलिशान एस. यू. व्ही. कोणत्या कंपनीची, ते मी सांगणार नाही. गाडीच्या अब्रूचा प्रश्न आहे आणि सासुरवाडीच्याही. माझी समजूत अशी, की या गाड्या भरवशाच्या नसतात हे त्याला ठाऊक नसावे. आपण चार गोष्टी सांगितल्या की काम झाले. पण गृहस्थाने सगळे वाचून ठेवले होते. अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी निघाल्या ते मोजते, हे त्यानेच मला सांगितले. 2023 सालच्या त्या पाहणीत साध्या वर्गातल्या गाड्यांपेक्षा महागड्या वर्गातल्या गाड्यांच्या तक्रारी सरासरीने अधिक निघाल्या, हेही. त्या यादीत पहिली आलेली लेक्सस महागडीच आहे, हा अपवाद दाखवायलाही तो विसरला नाही. विद्यार्थ्यांनी एवढे टाचण काढले असते तर आमच्या विभागाचा निकाल सुधारला असता.

“मग फॉर्च्युनर घे की,” मी म्हणालो. हा काही माझा अभ्यास नव्हे. नगर जिल्ह्यात कोणत्याही लग्नाच्या मांडवाबाहेर उभे राहिले, की हा सल्ला आपोआप सुचतो.

“तीच तर अडचण आहे दाजी. ती सगळ्यांकडे आहे. ठेकेदाराकडे आहे, ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे आहे. आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा होतोच की!”

म्हणीचा हा अर्थ मी कोणत्याही कोशात पाहिलेला नाही. भरवशाची म्हैससुद्धा ऐन वेळी दगा देते, म्हणून फार विसंबू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. विनाभरवशाचीच म्हैस आणावी, म्हणजे दगा बसण्याचे कारणच उरत नाही, हे भाष्य कोपरगावचे. पण बोलणाऱ्याचा चेहरा गंभीर होता. पुढचे वाक्य त्याने जरा हळू उच्चारले. “डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा माझा माल शेतात होता. त्या कांद्याची कोणी हमी दिली होती? गाडीला निदान तीन वर्षांची वॉरंटी आहे.”

यावर मला उत्तर सुचले नाही. पावसाचा नेम नाही, भावाचा नेम नाही, रात्री शेताला मिळणाऱ्या विजेचा नेम नाही, अशा मुलखात ज्याने वीस वर्षे पिके काढली, त्याला शंभरामागे दोनशे तक्रारींचे भय वाटावे तरी कसे?

शिवाय हे वेड काही एकट्या कोपरगावचे नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दीडशे मंडळींनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या. एकूण सौदा सुमारे 65 कोटींचा. कर्ज स्टेट बँकेचे. मराठवाड्यातल्या माणसांकडे पैसा आहे हे मुंबई-पुण्याला कळावे, ही त्यामागची मोठी भावना होती. मोटारीचा उपयोग पोचण्यासाठी होतो असे आपण समजतो. आपण कोठवर पोचलो हे इतरांना दाखवण्यासाठीही ती लागते.

गंमत अशी, की महाग आणि बेभरवशाची ही सोयरीक फार जुनी नाही. आमच्या नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. 1994 साली सुरू झालेले. शाळेच्या सहली तेथे तोफांची नळकांडी मोजतात. मी जातो तो एका चिलखती मोटारीसाठी. बाहेरून पाहिले तर लोखंडी पेटी; आत सांगाडा मात्र रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टचा! राजेमहाराजांना मिरवणारी गाडी लढाईवर का धाडली, तर ती बंद पडत नसे म्हणून. 1907 साली या घराण्यातली एक गाडी लंडन-ग्लासगो अशा येरझाऱ्या घालत होती. सुरुवातीला एकदा हादऱ्याने पेट्रोलची तोटी मिटली तेवढीच. त्यानंतर 14,371 मैल ती मनाविरुद्ध एकदाही थांबली नाही. त्या काळी श्रीमंत माणूस जास्त पैसे मोजे तो मुख्यतः या भरवशासाठी. स्वस्त गाडी रस्त्यात बसे, महागडी घरी आणून सोडी.

मग हे उलटे कधी झाले? मला समजले ते असे. साधी गाडी भरवशाची करण्याची विद्या पुढे सर्वांना आली. भरवसा स्वस्त झाला. तेव्हा महाग गाडीने आणखी काय द्यावे? तिने हवेच्या फुग्यांवर तोललेले अंग दिले, बटण दाबले की उंच होणारे आणि उतरताना लवणारे. बसल्या जागी पाठ चेपणारी खुर्ची दिली. लहान-मोठे पन्नासएक संगणक दिले, आणि ते एकमेकांशी बोलतात. जितकी माणसे अधिक तितकी भांडणे अधिक, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्याला समजावून सांगायला नको. पाहणीतल्या कित्येक तक्रारी तर इंजिनाच्या नसतातच. पडदा विझला, फोन जुळला नाही, अशा असतात. पण तक्रार ती तक्रार.

नानांची पद्धत निराळी होती. त्यांनी एके काळी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. ती महिन्यातून दोनदा बंद पडे. टाकी गळू लागली की नाना तिला अंगाचा साबण चोळत. पंख्याचा पट्टा तुटला की सुती दोरी वळून बांधत. शंभर गाड्यांमागे तक्रारी मोजणाऱ्यांच्या हाती ती एकटीच लागती तर त्यांचे वहीभर काम झाले असते. तरी नाना तिला भरवशाची म्हणतात, आणि विचार केल्यावर मला ते पटते. ती बांधावर बंद पडे आणि बांधावरच सुरू होई. बिघाड आणि दुरुस्ती यांच्यामध्ये अंतर नव्हते. नव्या गाडीचे तसे नाही. ती बंद पडते कदाचित कमी वेळा. पण पडली, की अख्ख्या तालुक्यात तिला हात लावण्याची कोणाची छाती नसते. मिस्त्री बॉनेट उघडतो, आत काळ्या प्लॅस्टिकचे झाकण पाहतो आणि देवघराचे दार लावावे तसे बॉनेट पुन्हा लावतो. भरवसा यंत्रात किती आणि हाकेच्या अंतरावरच्या माणसात किती, याचा तक्ता कोणत्याही पाहणीत मला आढळला नाही.

शोरूममध्ये नानांनी हेच विचारले, त्यांच्या भाषेत. विक्रेता तरुण मोठा चुणचुणीत. छताची काच, सोळा की अठरा कर्णे, रात्री रंग बदलणारे दिवे, सर्व त्याने दाखवले. नाना शांतपणे म्हणाले, “उंदराने तार खाल्ली तर वॉरंटीत बसते का?” तरुण हसला. नाना हसले नाहीत. तेव्हा तो आत विचारायला गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. वॉरंटीत बसत नाही; विम्यात बसते की नाही ते पॉलिसी पाहून. ज्यांनी पीकविम्याच्या अटी अनुभवाने पाठ केल्या आहेत, त्यांना हे उत्तर नवे नव्हते. नानांनी मुलाकडे पाहिले. मुलाने पेढे आणायला माणूस पाठवला.

दसऱ्याला गाडी आली. तिला झेंडूचा हार जीपसारखाच शोभला, एवढे कबूल केले पाहिजे. वर्षभराने, 22 सप्टेंबर 2025 पासून, मोठ्या एस. यू. व्ही.वरचा कर आणि अधिभार मिळून 50 टक्के होता तो 40 झाला, तेव्हा मेव्हण्याने दोन दिवस वर्तमानपत्र हातात धरले नाही. पण ते पुढचे.

पहिले तीन महिने सुखाचे गेले. चौथ्या महिन्यात एक पिवळा दिवा लागला. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे डिझेलच्या नव्या गाड्या भारत-सहाच्या नियमाच्या. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक जाळी असते. गाडी लांबवर वेगाने गेली, की तापलेल्या धुरात ती काजळी जळते. घर ते मळा आणि मळा ते कारखाना, अशा दोन-दोन कोसांच्या फेऱ्या मारल्या, की जाळी तुंबते. म्हणजे कोटीची गाडी घेऊन शेतावर जायचे, आणि शेतावर गेल्याचे पाप फेडायला आठवड्यातून एकदा समृद्धीवर निष्कारण पळवून आणायचे! मेव्हण्याने हे व्रत आनंदाने पत्करले.

पाचव्या महिन्यात ऊसतोड आली. फड रिकामा झाला, की त्यातले उंदीर बिऱ्हाड बदलतात, आणि उबदार इंजिनासारखी जागा त्यांना कोठे मिळणार? नानांचा प्रश्न खरा ठरला. एका पहाटे गाडी सुरू होईना. डावे अंग खाली बसलेले, पडद्यावर इशाऱ्यांची रांग. आणि येथे मला त्या खरेदीचे खरे मोल समजले. मेव्हणा बिघाडाने तितका खचला नाही. गावाने तो पाहू नये, या काळजीने खचला. पुण्याहून आलेली सपाट ट्रक त्याने रात्री अकरापर्यंत हमरस्त्यावरच्या ढाब्याशी थांबवून धरली. गाव निजल्यावर गाडी चढवली, वर ताडपत्री घातली. तेवीस दिवस ती पुण्यात होती. कोणी विचारले की, “सर्व्हिसिंगला गेलीय.” जीप वाटेत अडे तेव्हा नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून धक्का द्यायला बोलावत, आणि त्या धक्क्यात चार माणसे जोडली जात. या गाडीला धक्का देता येत नाही, आणि तिचे दुःखही कोणाला सांगता येत नाही. बिल किती झाले ते मला ठाऊक आहे, सौ.ला ठाऊक नाही, आणि ती हा अंक वाचणार असल्यामुळे आकडा देत नाही.

तर मग विकत का नाही? मी एकदा स्पष्टच विचारले. उत्तर म्हणून त्याने मला आणि नानांना गाडीत घातले. महामार्गावर दुचाकीला मज्जाव, बैलगाडीचा तर प्रश्नच नाही. नानांनी तोवर त्या रस्त्यावर पाऊल ठेवले नव्हते. आमच्या शिवाराच्या आसपास आल्यावर नाना काचेला टेकून बसले. “लिंब गेलं... विहीर इथं,” असे काहीसे म्हणाले, आणि म्हणेपर्यंत शेत संपले. ताशी 120 किलोमीटरने दोनशे मीटर ओलांडायला सहा सेकंद लागतात. त्याच रानाची एक नांगरट करायला नानांच्या दोन बैलांना किती दिवस लागत, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. पुढच्या फाट्यावरून मेव्हण्याने गाडी वळवली. परत येताना वेग साठावर आणला, म्हणजे बारा सेकंद झाले. मागचे ट्रकवाले कर्णे वाजवीत राहिले. दर आठवड्याला जाळी साफ करायला म्हणून जो फेरा होतो, त्यात आता नानाही असतात. धोतर झटकून, न सांगता तयार होतात. सौ. एकदा गेली, आल्यावर गाडीबद्दल काही बोलली नाही, खुर्ची मऊ आहे म्हणाली.

दिवाळी झाली की कारखान्यांचे बॉयलर पेटतील आणि ऊसतोड सुरू होईल. गेल्या खेपेला बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या बांधून पाहिल्या. हा उपाय गाडीबरोबर आलेल्या जाड पुस्तकात नाही. पंधरा दिवस गुण आला. म्हणून यंदा ठरले आहे, की फड तुटून होईपर्यंत गाडी नगरला आमच्या दारात ठेवायची आणि रविवारच्या फेऱ्यापुरती मेव्हण्याने येऊन न्यायची. आमची गल्ली नऊ फूट रुंद आहे, आणि गाडी आरशांसकट सात. दूधवाल्याशी सौ.चे बोलणे चालू आहे.