व्रणांसह उठलेला ख्रिस्त

श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोलंबोच्या उत्तरेस, निगोम्बो हे कॅथलिक कोळ्यांची मोठी वस्ती असलेले शहर आहे. तेथील कटुवापिटिया भागातील संत सेबास्टियन यांच्या चर्चमध्ये पुनरुत्थित ख्रिस्ताची एक मूर्ती आहे. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या सकाळी, उपासनेसाठी जमलेल्या भाविकांत शिरून एका आत्मघातकी हल्लेखोराने स्फोट घडविला, तेव्हा त्या मूर्तीवर रक्ताचे असंख्य शिंतोडे उडाले. त्याच सकाळी कोलंबोतील संत अँथनी यांचे चर्च, पूर्व किनाऱ्यावरील बट्टिकलोआचे झायन चर्च आणि राजधानीतील तीन पंचतारांकित हॉटेले यांवरही हल्ले झाले. अडीचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांपैकी शंभराहून अधिक एकट्या कटुवापिटियात. मृतांत मुले होती, आणि काही घरांत तर शोक करावयासही कोणी उरले नाही.

अशा प्रसंगी आशेची भाषा बोलणे अनेकांस क्रूरपणाचे वाटते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच झटकून टाकण्याजोगे नाही. दुःखिताच्या दारी जाऊन ‘सारे काही ईश्वरी योजनेप्रमाणे घडते’ असे सांगणाऱ्यांची कोणत्याच धर्मात वाण नाही. धर्म ही वेदना बधिर करणारी गोळी आहे, हा आक्षेप महाराष्ट्रातील सुशिक्षितांनाही चांगला परिचयाचा आहे. जी श्रद्धा माणसाला रडू देत नाही आणि जाबही विचारू देत नाही, तिच्याविषयी तो आक्षेप खराच आहे. प्रश्न इतकाच की पुनरुत्थानावरील श्रद्धा ही त्या जातीची आहे काय?

शुभवर्तमाने उघडून पाहिली तर उत्तर वेगळे मिळते. त्यांतील पुनरुत्थानाची कथा विजयाचे नगारे वाजवीत येत नाही. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती रिकाम्या कबरीपासून भीतीने पळणाऱ्या स्त्रियांपाशी थांबते. लूकने वर्णिलेले दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसच्या वाटेला लागले आहेत. आपण आशा बाळगली होती, असे ते भूतकाळात बोलतात, आणि सोबत चालणारा कोण आहे हे त्यांना संध्याकाळी भाकर मोडली जाईपर्यंत कळत नाही. योहानाच्या कथेतील थोमा तर आजच्या कोणत्याही बुद्धिवाद्याला शोभेल असा हट्ट धरतो: जखमांत बोट घातल्यावाचून विश्वास ठेवणार नाही. त्याला जखमा दाखविल्या जातात. म्हणजे मृत्यूवर मात करून उठलेल्या देहावरही खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. पुनरुत्थान झाले म्हणून क्रूस घडलाच नव्हता असे होत नाही. (फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, त्यामुळे ख्रिस्तचरित्र मराठी ओवीला तरी नवे नाही, पण आपल्याकडील चर्चा बहुधा धर्मांतराच्या वादापलीकडे जात नाही.)

श्रीलंकेतील कॅथलिक समाजाने अंधार पूर्वीही पाहिला होता, आणि त्या अंधारात त्याला सोबत मिळाली ती गोव्यातून. सतराव्या शतकात डचांनी पोर्तुगीजांना तेथून हुसकावल्यावर कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली. १६८७ साली जोसेफ वाझ हा बाणावलीचा धर्मगुरू भिकाऱ्याच्या वेषात जाफनात उतरला. रात्री घरोघरी उपासना, दिवसा लपून राहणे, असे त्याचे जीवन होते. कँडीच्या राजाने हेर समजून त्याला बंदीत टाकले. पुढे त्याच कँडीत देवीची साथ आली, तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा याच माणसाने केली. तो १७११ मध्ये मरण पावला, डच सत्ता तेव्हा भक्कम होती. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संतपद दिले. त्याचा जन्मदिवस २१ एप्रिल, हा निव्वळ योगायोग. त्यातून अर्थ काढण्याचा मोह आवरावा हे बरे.

कटुवापिटियाचे चर्च तीन महिन्यांत पुन्हा उभे राहिले. मूर्तीवरचे डाग मात्र पुसले गेले नाहीत. ती तशीच काचेच्या पेटीत जतन करण्यात आली. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांना थोमाची कथा नीट समजली होती, असे म्हटले पाहिजे.

सर्वांना ती समजली असे नाही. ५ मे रोजी निगोम्बोतच मुस्लिमांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ले झाले, आणि पुढच्या आठवड्यात देशाच्या इतर भागांत मोठी दंगल उसळली. कोलंबोचे आर्चबिशप कार्डिनल माल्कम रंजित यांनी मुस्लिमांवर हात उचलू नका, असे आवाहन केले. २०२० च्या ईस्टरला त्यांनी हल्लेखोरांना क्षमा केल्याचे जाहीर केले. येथवरचा भाग जगाला आवडला. धर्मगुरूंच्या तोंडी क्षमा सर्वांनाच शोभून दिसते, विशेषतः ज्यांच्याकडून उत्तरे यावयाची असतात त्यांना. परंतु तेच कार्डिनल चौकशीचा प्रश्न सोडावयास तयार झाले नाहीत. हल्ल्याची सूचना भारतीय गुप्तचरांकडून काही दिवस आधीच मिळालेली होती, मग ती कोणाच्या टेबलावर पडून राहिली? ७ मार्च २०२१ रोजी कॅथलिकांनी काळी वस्त्रे नेसून ‘काळा रविवार’ पाळला. २०२२ मध्ये मृतांचे आप्त आणि बचावलेली माणसे रोमला पोपपुढे जाऊन उभी राहिली.

क्षमा आणि जाब यांत येथे विसंगती पाहणाऱ्यांनी त्या मूर्तीकडे पुन्हा पाहावे. क्षमेने सूडाचा दावा सोडला जातो, सत्याचा नव्हे. ज्याची आशा विस्मरणावर उभी असते त्याला जखमेची आठवण अडचणीची वाटते. मेलेल्यांचे अखेर काहीतरी होणार आहे, ते नुसते आकडे नाहीत, असे जो मानतो त्याला त्यांच्या वतीने वर्षानुवर्षे दारे ठोठावणे जड जात नाही. हा विश्वास वाचकाने स्वीकारावा असा येथे आग्रह नाही. तो माणसाला निष्क्रिय करतोच असे मात्र यापुढे म्हणू नये.

जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, सूचना असूनही हल्ले रोखण्यात कसूर केल्याबद्दल माजी अध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना स्वतःच्या खिशातून दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हल्ल्यामागचे खरे सूत्रधार कोण, हा कार्डिनलांचा प्रश्न त्याने मिटला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात नवे अध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके यांनी कटुवापिटियाच्या चर्चमध्ये जाऊन न्यायाचे आश्वासन दिले. आश्वासने त्या लोकांनी यापूर्वीही पुष्कळ ऐकली होती. त्यांनी हेही ऐकून घेतले.