‘वंडरवॉल’ची मुंबईची बाजू

१/ जानेवारी १९६८. बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या फोर्टमधील एचएमव्ही स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत मुद्रित करत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ निघाली. बीटल्सपैकी कोणाचीही ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका. सायकेडेलिक रॉकच्या इतिहासात मात्र तिची बोळवण ‘एका बीटलची हौस’ म्हणून होते. हा अन्याय हॅरिसनपेक्षा मुंबईच्या वादकांवर अधिक आहे.

२/ लंडनमध्ये तेव्हा ध्वनिफीत उलटी फिरवणे, तिचे तुकडे जोडणे, गती बदलणे असे प्रयोग रंगात आले होते. मुंबईत दोन ट्रॅकचे यंत्र आणि रस्त्यावरून आत शिरणारा रहदारीचा आवाज. मागाहून थरावर थर चढवण्याची चैन येथे नव्हती. सर्वांनी एकत्र बसून वाजवायचे. सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा. हॅरिसनने चित्रपटातील प्रसंग स्टॉपवॉच लावून मोजले होते; तेवढ्याच वेळात भाव उभा करायचा. तासभर राग फुलवणाऱ्यांना ही अट जाचक वाटावी. पण तीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवण्याची शिस्त आपल्या कलावंतांना रॉकच्या जन्माआधीपासून ठाऊक होती! स्टुडिओ हेच वाद्य, हे लंडनने उशिरा शिकलेले सत्य होय.

३/ वऱ्हाडच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. त्याच सुमारास एचएमव्हीने शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवादक ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढली. तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस रागांमधून सांगणाऱ्या या ध्वनिमुद्रिकेचे निर्माते होते जी. एन. जोशी; मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गाऊन घरोघरी पोहोचलेले तेच जोशी. अकोल्याच्या जठारपेठेहून मेहकर ते किती दूर?

४/ ‘ड्रीम सीन’ अवश्य ऐकावे. भारतीय वाद्ये आणि कापून जोडलेल्या ध्वनिफिती एकमेकींत अशा विरतात की शिवण दिसत नाही. काही तुकडे मात्र अर्ध्यावर तुटल्यासारखे वाटतात, हेही खरे. चित्रपट बाजूला काढला की ते पोरके होतात.

५/ त्याच मुंबईभेटीत आणखी एक संगीतखंड मुद्रित झाला. त्यावर हॅरिसनने फेब्रुवारीत लंडनमध्ये आवाज दिला. मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला तो ‘द इनर लाइट’ म्हणून आला. बीटल्सच्या त्या गाण्यातले सगळे वादक भारतीय आहेत.